शेजारच्या देशावर चाल करून जाताना सरकार कारण कसं उभं करतं?

अंजनेरी | सोमवार, रात्री ९:४०

गंगापूर रोडवरच्या आमच्या अभ्यासमंडळाने पुढच्या बैठकीला हा विषय घेतलाय. ‘कोण बरोबर, कोण चूक’ यावर भांडायला आपल्याकडे कुणाला आमंत्रण लागत नाही, त्यामुळे तो भाग बाजूला ठेवू. मला कामाचं हवंय. कोणते कागद तयार होतात, ते कोणापुढे ठेवतात, कशाच्या आधी काय येतं आणि हे सगळं उघडं कुठे पडतं?

माझं मत आधीच सांगते, म्हणजे खोडून काढायला बरं. निर्णय आधी होतो आणि कारण मागून येतं, असं बऱ्याचदा दिसतं. म्हणून कारण खरं की खोटं हे विचारायच्या आधी ते कोणत्या तारखेला लिहिलं गेलं हे विचारावं.

उदाहरण तारखेसकट द्या. हल्लीच्या निवडणुकांचा चिखल इथे आणू नका, ही हात जोडून विनंती.

वकीलवाडी | सोमवार, रात्री १०:२५

१९४५ नंतर सगळा खेळ संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या दोन कलमांचा आहे. कलम २(४) म्हणतं, दुसऱ्या देशाविरुद्ध बळ वापरायचं नाही, धमकीसुद्धा द्यायची नाही. कलम ५१ म्हणतं, सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षणाचा हक्क शाबूत आहे. सुरक्षा परिषदेची परवानगी हा आणखी एक रस्ता, पण शेजाऱ्यावर जाणाऱ्याला ती सहसा मिळत नाही. त्यामुळे झाडून सगळी सरकारं ५१चाच दरवाजा ठोठावतात.

प्रत्यक्षात होतं असं: देशाचा न्यूयॉर्कमधला स्थायी प्रतिनिधी सुरक्षा परिषदेच्या त्या महिन्याच्या अध्यक्षांना पत्र देतो. पत्र बहुधा पान-दोन पानांचं. हल्ला कुठे आणि केव्हा झाला, आधी काय इशारे दिले, बाकीचे मार्ग का खुंटले, आपण काय केलं, ते बेताचंच कसं होतं, आणि शेवटी ‘हे पत्र परिषदेचा दस्तऐवज म्हणून सदस्यांना वाटावं’. सनदेत ‘ताबडतोब कळवावं’ असं लिहिलंय. हे नुसतं उपचार म्हणून नाही. निकाराग्वाच्या खटल्यात (१९८६) अमेरिकेने असं काही कळवलंच नव्हतं, याची आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तिच्या दाव्याविरुद्ध नोंद घेतली. स्वतःचाच बचाव करत होतात, तर सांगितलं का नाही, असा त्याचा रोख.

मसुदा सर्वात जास्त घसरतो तो काळाच्या बाबतीत. झालेल्या हल्ल्याचा बदला कायद्यात बसत नाही, चालू असलेला किंवा येऊ घातलेला हल्ला थोपवणं बसतं. याची जुनी कसोटी ‘कॅरोलाइन’ बोटीची. २९ डिसेंबर १८३७च्या रात्री कॅनडातून ब्रिटिशांची माणसं नायगारा नदी ओलांडून अमेरिकेच्या काठाला आली आणि बंडखोरांना रसद पुरवणारी ही बोट पेटवून प्रवाहात सोडून दिली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वेबस्टर यांनी पुढे ब्रिटिशांना लिहिलं, की गरज अशी तातडीची होती का, की दुसरं साधन निवडायला वाव नाही आणि विचार करायला क्षणभरही नाही, हे तुम्ही दाखवून द्या. आजही वकील हाच परिच्छेद काढून बसतात.

ओझरची_मिग | सोमवार, रात्री १०:३१

थोडक्यात, आधी बॉम्ब आणि मग पोचपावती.

वकीलवाडी | सोमवार, रात्री १०:३३

पोचपावती नव्हे हो, आवक-जावक नोंद. सरकारी खात्यात तीच शेवटी कामाला येते.

सातपूरकर | सोमवार, रात्री ११:१०

अंजनेरीताई, तुमच्या तारखेच्या मुद्द्याला याहून नेटकं उदाहरण मिळणार नाही: अमेरिका आणि मेक्सिको, १८४६.

टेक्सासची दक्षिण सीमा न्युएसेस नदी की त्याच्या खालची रिओ ग्रांदे, हा वाद होता. राष्ट्राध्यक्ष पोल्कनी जनरल टेलरला फौज घेऊन थेट रिओ ग्रांदेवर पाठवलं, म्हणजे वादाच्या पट्ट्यात. आता ९ मे १८४६चा शनिवार बघा. पोल्कच्या मंत्रिमंडळाची बैठक झाली. मेक्सिकोने अमेरिकन नागरिकांची देणी थकवली, आपला दूत परत पाठवला, एवढ्या भांडवलावर मंगळवारी काँग्रेसला युद्धाचा संदेश पाठवावा असं ठरलं. नौदलमंत्री बॅन्क्रॉफ्ट तेवढे म्हणाले, आधी मेक्सिकोकडून काही आगळीक होऊ दे. दुपारी बैठक उठली. संध्याकाळी सहाच्या सुमारास टेलरचा खलिता आला: २५ एप्रिलला मेक्सिकन घोडदळाने कॅप्टन थॉर्नटनच्या तुकडीवर हल्ला केला, सोळा जण मेले किंवा जखमी झाले. साडेसातला मंत्रिमंडळ पुन्हा बसलं. ११ मेच्या संदेशात मग ‘मेक्सिकोने आपल्या भूमीवर घुसून अमेरिकन रक्त सांडलं’ असा मजकूर आला.

निर्णय दुपारचा, कारण संध्याकाळचं. आणि हे पोल्कच्या स्वतःच्या रोजनिशीत आहे, शत्रूने केलेला आरोप नाही.

संसदेतला डावही बघण्यासारखा. विधेयकात एक कोटी डॉलर आणि पन्नास हजार स्वयंसेवक मागितले होते, आणि त्यालाच प्रस्तावना जोडली होती, की ‘मेक्सिकोच्या कृत्यामुळे युद्धस्थिती अस्तित्वात आहे’. विरोधात मत द्यायचं म्हणजे वेढ्यात सापडलेल्या आपल्याच सैनिकांना रसद नाकारायची. प्रतिनिधिगृहात १७४ विरुद्ध १४, सिनेटमध्ये ४० विरुद्ध २.

डिसेंबर १८४७ मध्ये लिंकन नावाचे एक नवखे सदस्य उठले आणि ठराव मांडला: रक्त सांडलं ती नेमकी जागा दाखवा. ती जागा कधी आपल्या ताब्यात होती का? तिथले लोक आपल्याला कर देत होते का? पोल्कनी उत्तर दिलं नाही. जानेवारी १८४८ मध्ये ‘हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं’ अशी दुरुस्ती त्याच सभागृहाने ८५ विरुद्ध ८१ने मंजूर केली. तोवर मेक्सिकोची राजधानी पडून चार महिने होत आले होते.

बिनरश्श्याची_मिसळ | सोमवार, रात्री ११:२२

+१. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा ठराव आणि पाण्याच्या टाकीची दुरुस्ती एकाच कागदावर का असते, ते आज कळलं.

निफाडकर | मंगळवार, सकाळी ७:०५

मेक्सिकोपर्यंत कशाला जाता, नगरला चला.

पुण्यावर होळकरांची सरशी झाल्यावर दुसरा बाजीराव इंग्रजांकडे पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ला वसईचा तह केला. त्यानंतर इंग्रजांच्या हाती जे आलं ते सैन्यापेक्षा मोलाचं होतं: ‘कायदेशीर पेशव्यानेच आम्हाला बोलावलं’ हा दाखला. शिंदे आणि नागपूरकर भोसले निजामाच्या सीमेजवळ तळ देऊन होते. आर्थर वेलस्लीने मागणी केली, मागे हटा. त्यांचं म्हणणं, तुम्ही तुमच्या जुन्या ठाण्यांवर जा, आम्ही बऱ्हाणपुराकडे जातो, दोघंही एकाच दिवशी. ते अमान्य. शिंद्यांच्या छावणीतला इंग्रज वकील कॉलिन्स ३ ऑगस्ट १८०३ला छावणी सोडून निघाला. ६ ऑगस्टला वेलस्लीने दौलतराव शिंद्यांना पत्र पाठवलं. त्याचा आशय असा, की मी बरोबरीच्या नात्याने सलोखा देऊ केला, तुम्ही युद्ध पत्करलंत, परिणामांची जबाबदारी तुमची. ८ ऑगस्टला नगरच्या पेठेवर हल्ला, १२ला किल्ला हातात.

आता ताईंची कसोटी लावा. युद्ध-तहाचे पूर्ण अधिकार गव्हर्नर जनरलने, म्हणजे त्याच्याच थोरल्या भावाने, जूनअखेरीसच आर्थरला देऊन ठेवले होते. फौज नगरपासून हाकेच्या अंतरावर बसलेली होती. पत्र फक्त इतिहासासाठी लिहिलं.

१८१७ला पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हे निमित्त झालं, आणि बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांच्या खुनाचं प्रकरण आधीपासून हाताशी होतंच. अवांतर: त्या प्रकरणातले त्रिंबकजी डेंगळे शेवटी पकडले गेले ते आमच्या तालुक्यातल्या आहेरगावात.

तपोवन | मंगळवार, सकाळी ९:१८

शेवटचा प्रस्ताव, म्हणजे निर्वाणीचा खलिता, हा वेगळाच प्रकार आहे, त्यावर थोडं.

असा प्रस्ताव दोन कारणांनी देतात. एक तर समोरच्याने मानावा म्हणून, नाही तर मानू नये म्हणून. ऑस्ट्रियाने २३ जुलै १९१४ला संध्याकाळी सहा वाजता सर्बियाला दिलेला खलिता दुसऱ्या जातीचा. दहा मागण्या, मुदत ४८ तास. यातली सहावी मागणी अशी, की सर्बियाच्या भूमीवरच्या तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी भाग घेतील. कोणतंही सार्वभौम सरकार हे मान्य करणार नाही, हे लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं. सर्बियाने बहुतेक मागण्यांवर नरमाईचं उत्तर दिलं, सहावी नाकारली. ऑस्ट्रियाचे राजदूत गीझल यांनी उत्तरावर नजर टाकली आणि साडेसहाच्या गाडीने बेलग्रेड सोडलं. सामान आधीच बांधलेलं होतं. गंमत म्हणजे जर्मनीच्या कैसरने ते उत्तर २८ तारखेला वाचलं तेव्हा शेरा मारला, की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. त्याच दिवशी युद्धाची तार गेली.

ओळखायची खूण अशी: मुदत किती तासांची आहे, आणि मागण्यांमध्ये ‘थोडं कमी-जास्त करू’ अशी जागा ठेवलीय का.

बिनरश्श्याची_मिसळ | मंगळवार, सकाळी ९:३०

म्हणजे कृष्णशिष्टाई. पाच गावं मागायची आणि दुर्योधन सुईच्या अग्राएवढी माती देणार नाही याची खात्री बाळगायची.

तपोवन | मंगळवार, सकाळी ९:४१

उलट. पाच गावं ही देता येण्यासारखी मागणी होती, म्हणून नकाराचा दोष दुर्योधनावर गेला. ऑस्ट्रियाला ते साधलं नाही. न पेलणारी मागणी केली की नकाराचा फायदा समोरच्यालाच मिळतो.

मेनरोड | मंगळवार, दुपारी १:०२

सगळी सरकारं खोटंच बोलतात, एवढं लिहायला एवढे परिच्छेद कशाला? हिटलरने स्वतःच्या माणसांना पोलिश म्हणून नाचवलं, रशियाने स्वतःच्याच गावावर तोफा डागल्या, जपानने स्वतःच्याच रुळाखाली सुरुंग लावला. विषय संपला.

चांदवडचा_घाट | मंगळवार, दुपारी २:४५

मेनरोडभाऊ, विषय तिथेच सुरू होतो. बनाव रचणं सोपं नाही, आणि तो कशाने फसतो हे बारकाईने बघण्यासारखं आहे.

मुकदेन, १८ सप्टेंबर १९३१. चिनी सैनिकांनी दक्षिण मांचुरिया रेल्वे उडवली म्हणून जपानी सैन्य शहरावर चालून गेलं. पण स्फोट इतका किरकोळ, की थोड्याच वेळात त्याच रुळावरून गाडी गेली आणि वेळेवर पोचली. राष्ट्रसंघाच्या (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) लिटन आयोगाने आपल्या अहवालात ही गाडी बरोबर पकडली. १९३३ला जपान राष्ट्रसंघातून बाहेर पडला.

फिनलंडच्या सीमेवरचं सोव्हिएत गाव मायनिला, २६ नोव्हेंबर १९३९. सोव्हिएत खलित्यात सात तोफगोळे, चार मृत, नऊ जखमी असा हिशोब, आणि फिनलंडने सीमेवरून वीस-पंचवीस किलोमीटर मागे हटावं ही मागणी. फिन सैन्याने आपल्या तोफा आधीच मागे नेलेल्या होत्या, ते गाव त्यांच्या टप्प्यातच नव्हतं. फिनलंडने संयुक्त चौकशीची तयारी दाखवली आणि दोघांनीही मागे हटू असं सुचवलं. सोव्हिएतनी अनाक्रमण करार रद्द केला, ३० तारखेला हल्ला, १४ डिसेंबरला राष्ट्रसंघातून हकालपट्टी.

जर्मनीतलं ग्लायविट्झचं रेडिओ केंद्र, ३१ ऑगस्ट १९३९. हिटलरने पोलिश म्हणून नाचवलेली माणसं ती इथलीच. यात एक गोष्ट सुटते: १ सप्टेंबरच्या भाषणात हिटलरने ग्लायविट्झचं नावच घेतलं नाही. रात्रीत सीमेवर चौदा घटना झाल्या असं मोघम बोलला. नेमकी जागा सांगितली की पत्रकार तिथे जातात, आकडा सांगितला तर कुठे जाणार?

म्हणून कसोटी सोपी. संयुक्त चौकशीला कोण हो म्हणतो, कोण टाळतो. आणि घटना व हल्ला यांत किती तास गेले. लाखभर सैन्य चार दिवसांत सीमेवर उभं राहत नाही, ते आधीच तिथे असतं.

देवळाली_कॅम्प | मंगळवार, दुपारी ३:२०

शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. भाषण एका रात्रीत लिहून होतं. दारूगोळ्याचे साठे पुढे नेणं, रेल्वेचे रेक मिळवणं, फील्ड हॉस्पिटल उभारणं, पूल बांधायचं सामान आणणं याला आठवडे जातात. रक्ताच्या पिशव्या तर फार दिवस टिकत नाहीत, त्या पुढे गेल्या की वेळ जवळ आली असं समजतात. कारण कधी सुचलं हे शोधायचं असेल तर भाषणं बाजूला ठेवा आणि रेल्वेचं वेळापत्रक बघा.

सिडकोवाला | मंगळवार, रात्री ८:१५

सैन्य आधी जमवलं म्हणजे कारण खोटं, असं मात्र होत नाही. १९७१ घ्या.

मार्चपासून पूर्व बंगालमधून लोंढे येत होते, वर्षअखेर आकडा एक कोटीच्या घरात. मोहिमेची तयारी अनेक महिने चालली. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये इंदिराबाईंचा युरोप-अमेरिका दौरा. या दौऱ्यातून लढाई टळेल अशी आशा फार कुणाला नसावी, पण ‘आम्ही सगळ्यांची दारं वाजवली’ हे नोंदीवर आलं. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले केले. बाई कोलकात्यात होत्या, परत येऊन मध्यरात्री देशाशी बोलल्या. ६ डिसेंबरला बांगलादेशला मान्यता.

सुरक्षा परिषदेत आपले प्रतिनिधी समर सेन यांनी जो युक्तिवाद केला तो वेगळा होता. एका देशाने आपली एक कोटी माणसं दुसऱ्याच्या अंगावर लोटली तर तेही आक्रमणच, ‘निर्वासितांचं आक्रमण’. तयारी आधी होती, पण कारणही आधीच होतं, आणि ते साल्ट लेकच्या छावणीत जाऊन कुणालाही बघता येत होतं.

वकीलवाडी | मंगळवार, रात्री ९:००

कारण खरं होतं हे मान्य. पण जे कारण कागदावर आलं, ते वेगळं. गरीबपूरची लढाई २०-२१ नोव्हेंबरची, आणि गरीबपूर पूर्व पाकिस्तानच्या हद्दीत आहे. २२ला बोयऱ्यावर हवाई चकमक, २३ला पाकिस्तानात आणीबाणी. आपल्या अधिकृत कथेत मात्र युद्ध ३ डिसेंबरला सुरू होतं, कारण ५१व्या कलमाला तीच तारीख सोयीची. पाकिस्तानने पहिला मोठा वार करून आपलं काम सोपं केलं.

आणि जग आपल्या बाजूने होतं ही समजूत काढून टाका. ७ डिसेंबरला आमसभेने युद्धबंदीचा ठराव १०४ विरुद्ध ११ने मंजूर केला, १० तटस्थ. आपल्याला तारलं ते सुरक्षा परिषदेतल्या सोव्हिएत नकाराधिकाराने.

सातपूरकर | मंगळवार, रात्री ९:२६

व्हिएतनामने १९७८च्या डिसेंबरात कंबोडियात सैन्य घातलं तेव्हा तिथला हुकूमशहा पोल पॉट याच्या नरसंहाराचा आधार घेतला नाही. सीमेवरचे हल्ले आम्ही परतवले, आणि आतली राजवट कंबोडियन जनतेच्याच आघाडीने उलथली, असं दोन युद्धांचं मांडलं. टांझानियाचं तसंच. ऑक्टोबर १९७८ला युगांडाच्या इदी अमीनने टांझानियाचा कागेराचा भाग गिळला, टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या फौजा एप्रिल १९७९ला युगांडाची राजधानी कंपालात पोचल्या, पण अमीनच्या अत्याचारांवर कायदेशीर दावा उभा केला नाही. ‘आतल्या अत्याचारांसाठी बाहेरून घुसता येतं’ हे एकदा मान्य केलं की उद्या तोच नियम आपल्यावर चालवला जातो. म्हणून सर्वात खरं कारण भाषणात येतं, पत्रात येत नाही.

मेनरोड | मंगळवार, रात्री ९:५०

ठीक. मग ‘बोलावलं म्हणून आलो’ याचं काय? निफाडकरांच्या वसईच्या तहासारखं?

चांदवडचा_घाट | मंगळवार, रात्री १०:३५

त्याची तर रांगच आहे. फिनलंडच्या वेळी सोव्हिएतनी फिन कम्युनिस्ट कूसिनेन यांचं सरकार सीमेवरच्या तेरियोकी गावात बसवलं आणि ‘आमचं फिनलंडशी युद्धच नाही, या सरकारशी मैत्री आहे’ असं सांगितलं. अफगाणिस्तानात डिसेंबर १९७९ला ‘अफगाण सरकारच्या विनंतीवरून’ आले, आणि त्या सरकारचा प्रमुख हाफिजुल्ला अमीन याला पहिल्याच फटक्यात मारलं. २ ऑगस्ट १९९०ला इराक कुवेतमध्ये ‘हंगामी स्वतंत्र सरकार’च्या निमंत्रणावरून गेल्याचं म्हणत होता. त्याआधी तक्रार तेलाच्या भावाची आणि सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रातून तेल चोरल्याची. महिना संपायच्या आत कुवेत हा इराकचा एकोणिसावा प्रांत झाला. आमंत्रण देणारं सरकारच गायब.

कारण बदलत गेलं की समजावं, पहिलं कामाचं नव्हतं.

तपोवन | बुधवार, सकाळी ८:१०

रशिया-युक्रेन याच माळेत बसतं. २१ फेब्रुवारी २०२२ला दोनेत्स्क आणि लुहान्स्क यांना मान्यता, २४ला ‘विशेष लष्करी कारवाई’. एकाच भाषणात नाटोचा विस्तार, नरसंहार, निर्नाझीकरण, निर्लष्करीकरण, दोन प्रजासत्ताकांची विनंती आणि कलम ५१, सगळं. नरसंहाराच्या आरोपाने उलटा घाव बसला. युक्रेनने तोच मुद्दा धरून नरसंहारविरोधी कराराखाली आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं, आणि १६ मार्चला न्यायालयाने १३ विरुद्ध २ने कारवाई थांबवायचा अंतरिम आदेश दिला. रशियाने तो मानला नाही ही गोष्ट वेगळी. पण नुसत्या आक्रमणावर ज्या न्यायालयाला अधिकारच पोचत नव्हता, त्याच्या दारात त्या एका आरोपामुळे जाता आलं.

बिनरश्श्याची_मिसळ | बुधवार, सकाळी ८:४५

वाचनखूण साठवली. जाता जाता, ‘युद्ध’ असं सरळ म्हणायची एवढी लाज का?

वकीलवाडी | बुधवार, सकाळी ९:३०

लाज नाही, खर्च. १९०७च्या हेगच्या करारानुसार युद्ध सुरू करण्याआधी कारणांसह घोषणा किंवा अटींचा निर्वाणीचा खलिता द्यावा लागतो. १९२८ला केलॉग-ब्रियांड कराराने युद्धाचाच त्याग झाला, तेव्हापासून घोषणा करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. १९३७ला जपान चीनमधल्या युद्धाला ‘घटना’ म्हणत राहिला. युद्ध म्हटलं असतं तर अमेरिकेचा तटस्थता कायदा लागून शस्त्रांची खरेदी अडली असती. चीनलाही तीच अडचण होती, म्हणून डिसेंबर १९४१पर्यंत त्यानेही घोषणा केली नाही.

आपल्या घटनेत युद्ध पुकारायचा वेगळा विधीच नाही. सैन्याचं सर्वोच्च अधिपत्य कलम ५३ने राष्ट्रपतींकडे, ‘युद्ध आणि शांतता’ केंद्रसूचीत १५व्या क्रमांकावर, निर्णय प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचा. संसदेपुढे जाणं बंधनकारक होतं ते कलम ३५२खालच्या आणीबाणीसाठी, १९६२ आणि १९७१ला झालं तसं.

निफाडकर | बुधवार, सकाळी १०:०५

१९६५ला आणीबाणी नव्याने लावावी लागलीच नाही. २६ ऑक्टोबर १९६२ची जानेवारी १९६८पर्यंत चालूच होती.

आणि नाशिककरांनो, ६ सप्टेंबर १९६५ला सीमा ओलांडल्याचं लोकसभेत सांगणारे संरक्षणमंत्री आपलेच खासदार होते. यशवंतराव चव्हाण १९६३च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध गेले होते. ते निवेदन मंडळात वाचाच. ऑगस्टमधले घुसखोर, १ सप्टेंबरला छांबवर रणगाड्यांसह हल्ला, ५ला वाघ्याजवळ पाकिस्तानी विमानांनी हवाई दलाच्या तुकडीवर टाकलेले रॉकेट, आणि मग ‘आपली सीमा राखण्यासाठी’ आपल्या फौजा पंजाबात पुढे गेल्या. लाहोर घ्यायला निघालो असं त्यात नाही. छांबवरचा दाब कमी करायला दुसरी आघाडी उघडली, हे लष्करी कारणही ठळक नाही.

सिडकोवाला | बुधवार, सकाळी १०:४०

त्यात एक त्रयस्थ पुरावाही होता. सीमेपलीकडून सशस्त्र माणसं आली, हे संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट यांनी निरीक्षकांच्या आधारे ३ सप्टेंबरच्या अहवालात नोंदवलं. पाकिस्तानचा दावा काश्मिरी जनतेच्या उठावाचा होता. ‘आमची माणसंच नाहीत’ म्हटलं की पुढची सगळी दारं बंद होतात. स्वसंरक्षणाचं पत्र देता येत नाही, आणि मेलेल्यांवर हक्क सांगता येत नाही. कारगिलला १९९९मध्ये तेच. पाकिस्तानच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीचे जवान मुजाहिदीन म्हणून दाखवले, मग मृतदेह घेता येईनात. आपण मात्र नियंत्रण रेषा ओलांडायची नाही असं ठरवलं. त्याची किंमत चढ चढून जाणाऱ्यांनी मोजली, पण कारण शेवटपर्यंत एकच राहिलं.

ओझरची_मिग | बुधवार, दुपारी १२:१५

हल्लीची निवेदनं बघा, वकीलसाहेबांचा बदला आणि बचावाचा मुद्दा कसा शब्दाशब्दात भरलाय. २९ सप्टेंबर २०१६: लक्ष्य घुसखोरीच्या तयारीतल्या अतिरेक्यांचे तळ, आणि ‘कारवाई थांबली आहे, पुढे चालू ठेवायचा विचार नाही’. २६ फेब्रुवारी २०१९: पुलवामाला बारा दिवस झालेले, म्हणून निवेदनात आणखी आत्मघाती हल्ल्यांची खबर होती हे आधी, आणि मग ‘बिगरलष्करी, आगाऊ प्रतिबंधक कारवाई’. ७ मे २०२५: नऊ ठिकाणं, लष्करी तळांना हात नाही, मोजकी, चिघळवणारी नव्हे. प्रत्येक निवेदनात समोरच्याला ‘इथेच थांबू’ म्हणायला जागा. २०२५ला ती लगेच वापरली गेली नाही, १० मेपर्यंत गेलं.

मेनरोड | बुधवार, दुपारी १२:२२

मग मिसळीचं काय ठरलं?

संपादक | बुधवार, दुपारी १२:३०

मिसळीचा धागा वेगळा आहे. तिथे कालपासून यापेक्षा जोरात युद्ध चालू आहे.

अंजनेरी | बुधवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. बैठक दीड तासाची, त्यामुळे तीनच कागद वाचायचे ठरवतेय: वेलस्लीचं ६ ऑगस्ट १८०३चं पत्र, पोल्कचा ११ मेचा संदेश आणि त्यासोबत ९ मेची रोजनिशीतली नोंद, आणि चव्हाणांचं निवेदन. तिन्हींत प्रत्येकाने पेन्सिलने खुणा करायच्या: तारीख कुठे आहे, जागा कुठे आहे, ‘इथे थांबू’ असं कुठे लिहिलंय. सिडकोवाल्यांचं म्हणणं मला पटलं, तयारी आधीची असली म्हणून कारण खोटं ठरत नाही. त्यामुळे १९७१ शेवटच्या वीस मिनिटांना तोंडी घेऊ.

वकीलवाडी | बुधवार, रात्री ९:३८

१९७१ घेताना भिंतीवर मोठा नकाशा लावा आणि बोयरा व गरीबपूर सीमेच्या कोणत्या बाजूला येतात ते आधी खुणा करून ठेवा. पहिला प्रश्न त्यावरच येणार, आणि मोबाइलवर शोधत बसलात तर वीस मिनिटं तिथेच जातील.